रामसेसच्या कारागिरांचा ठिय्या: देर अल-मदिना गावच्या गोष्टी

मोडीवाचक (धागाकर्ता)

इजिप्तचे राजवंश पाठ करायचा नाद मी कधीच सोडला. माझा जीव अडकलाय तो तिथल्या एका गावात.

लक्झरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर, डोंगराच्या खोबणीत देर अल-मदिना नावाचं ठिकाण आहे. तटाच्या आत सत्तरेक घरं, एकाला एक चिकटलेली, मधून एक बोळ. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, गिलावा करणारे, चित्रं रंगवणारे कारागीर इथे बायकापोरांसकट राहायचे. इ.स.पू. १५०० च्या सुमारास पहिल्या थुतमोसच्या काळात हा तट उभा राहिला, त्याच्या विटांवर या राजाचा शिक्का आहे. विसावा वंश संपता संपता गाव ओस पडलं. म्हणजे अठरावा, एकोणिसावा आणि विसावा, तीन राजवंश आणि चारशेच्या वर वर्षं.

गाव वाळवंटात. विहीर नाही. पाणी खालून गाढवांवर लादून यायचं, धुणंसुद्धा सरकारी परीट नेऊन धुवून आणायचे. धान्य, मासळी, भाजी, सरपण, तेल, सगळं राजाच्या खात्यातून. पुरवठा थकला की गावाची चूल बंद, असा सरळ हिशेब.

आणि या गावात लिहिता-वाचता येणारे लोक फार. पपायरस महाग, म्हणून खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहायचे: उधारी, हजेरी, भांडणं, प्रेमगीतं, धोब्याच्या याद्या. गावालगत पाण्यासाठी खणलेला पन्नासेक मीटर खोल खड्डा आहे. पाणी काही लागलं नाही, पण पुढे गावाचा सगळा कचरा त्यात गेला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात इथे खोदकाम केलं, तेव्हा त्या खड्ड्यातून हजारो खापऱ्या निघाल्या. चेक विद्वान यारोस्लाव चेर्नी यांनी त्या वाचण्यात हयात घालवली. आपल्याला सामान्य इजिप्शियन माणसाबद्दल जे बारीकसारीक ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या कचऱ्यातून आलंय.

आता मुद्द्याकडे. साध्या कारागिराचा महिन्याचा शिधा होता साडेपाच खार धान्य: चार खार एमर गहू भाकरीसाठी आणि दीड खार जव बिअरसाठी. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर. मुकादमाला साडेसात खार. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या आसपास, हा शिधा वेळेवर येईनासा झाला. हिवाळी हंगामाच्या दुसऱ्या महिन्याच्या १० तारखेला कारागीर थडग्यांच्या पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडून बाहेर पडले. अठरा दिवस झाले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रामसेसच्या मंदिराच्या दारात. तिसऱ्या दिवशी थेट मंदिराच्या आवारात. हे सगळं गावचा लेखनिक अमेननख्त याने तारीखवार लिहून ठेवलंय. तो पपायरस आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे.

त्यांचं म्हणणं काय होतं? कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. आमच्या मालकाला, फॅरोला, कळवा. वजिराला कळवा.

या प्रकरणाकडे बहुतेक लोक 'उपाशी मजुरांचं बंड' म्हणून बघतात. मला ते पटत नाही. हे लोक बसले कुठे ते बघा. राजवाड्यासमोर नाही, खोऱ्यात नाही. एकामागून एक मंदिरं गाठली. कारण धान्य मंदिरांच्या कोठारात होतं, आणि ते यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या रामसेसच्या त्या मंदिरामागची कच्च्या विटांची कमानदार कोठारं आजही उभी आहेत. तिसऱ्या रामसेसने मंदिरांना काय काय दिलं त्याची यादी एका पपायरसवर आहे, त्याची लांबी चाळीस मीटरच्या वर! देशात धान्य नव्हतं असं नाही, ते गावापर्यंत पोचत नव्हतं. आणि कुठे अडकलंय ते कारागिरांनी पायांनी दाखवून दिलं.

टिकलीशेठ

जागा पकडून ठेवतो. शीर्षकात 'जगातला पहिला संप' टाकलं असतंत तर आतापर्यंत शंभरी भरली असती.

पण एक सांगा, पोलिसांनी लाठ्या नाही चालवल्या?

मोडीवाचक

नोंद सापडलेला सगळ्यात जुना संप, एवढंच म्हणता येईल. त्याआधी कोणी बसलंच नसेल असं कसं म्हणणार? लिहिणारा हवा ना.

पोलिसांचा किस्सा मजेदार आहे. मेद्जाय म्हणजे तिथलं पोलीस दल, त्याचा प्रमुख मोन्तमोसे. चौथ्या दिवशी तो येऊन कारागिरांना म्हणतो, घरी जा, हत्यारं गोळा करा, दारं लावा, बायकापोरांना घेऊन या. मी स्वतः पुढे चालतो आणि तुम्हाला पहिल्या सेती राजाच्या मंदिरात नेऊन बसवतो. पोलीसप्रमुखच पुढच्या ठिय्याची जागा सुचवतो!

वजीर 'ता' याचा निरोप त्याहून भारी. तो तेव्हा राजाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी देवांच्या मूर्ती गोळा करत फिरत होता. त्याच्या निरोपाचा मथितार्थ: मी आलो नाही तो काही द्यायला नव्हतं म्हणून नव्हे. तुमचा शिधा मी खाल्ला म्हणता, मी वजीर द्यायला झालो की घ्यायला? कोठारातच काही नसलं तरी जे सापडलं ते देतोय. आणि दिला अर्धा शिधा. तीन हजारांवर वर्षांत सरकारी उत्तराचा मसुदा फारसा बदललेला नाही.

खवय्या नं. १

एमर गहू म्हणजे आपला खपली! सांगली-साताऱ्याकडे अजून पिकतो, खीर आणि पुरणपोळीला त्याच्यासारखा गहू नाही. कोंड्याचं कवच इतकं घट्ट असतं की नुसत्या मळणीने दाणा सुटत नाही, कांडावा लागतो. त्या गावात हे कांडण-दळण कोण करायचं?

आणि साडेपाच खार म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आसपास. महिन्याला! इतकं खातं कोण?

मोडीवाचक

कांडण-दळणाला सरकारकडून दासी मिळायच्या, घराघराला त्यांचे दिवस वाटून दिलेले. हे दिवस लोक एकमेकांना विकायचेसुद्धा. बाकी दळण घरच्या बायका पाट्यावर करत. पीठ दगडावर दळलेलं, त्यात वाळू, म्हणून त्या काळच्या ममींचे दात झिजलेले दिसतात.

सगळं धान्य खायचं नव्हतं. नाणी नव्हती, धान्य हाच पैसा. किंमत तांब्याच्या वजनात मोजायची, 'देबेन' म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. देवाणघेवाण मात्र जव, टोपल्या, तेल, गाढव यांची. उरलेल्या धान्यातून शवपेटी, चपला, शेळी. म्हणून शिधा थकणं म्हणजे नुसती उपासमार नव्हे, सगळा व्यवहार ठप्प. त्यात विसाव्या वंशाच्या काळात धान्याचे भाव चढत गेले, हे खापऱ्यांवरच्या हिशेबांतूनच दिसतं.

प्रश्नचिन्ह

माझ्यासारख्यांसाठी जरा कालरेषा द्या. अठरावा वंश, विसावा वंश हे आकडे त्या लोकांनीच घातले होते का? आणि रामसेस एकूण किती?

मोडीवाचक

नाही, ते स्वतःला विसाव्या वंशाचे वगैरे म्हणत नव्हते. हे आकडे मनेथो या पुरोहिताचे. तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, टॉलेमी राजांच्या वेळचा, त्याने ग्रीक भाषेत इजिप्तचा इतिहास लिहिला आणि राजांना वंशांत बांधलं. कारागिरांच्या दृष्टीने तारीख म्हणजे 'अमुक राजाचं अमुक वर्ष'. नवा राजा बसला की पुन्हा एकपासून. आपण आज इ.स.पू. चे जे आकडे देतो त्यांत विद्वानांमध्ये दहा-वीस वर्षांचा फरक असतो, त्यावर भांडू नये.

थोडक्यात: अठरावा वंश अहमोसपासून, साधारण इ.स.पू. १५५० (हिक्सोस या परक्या राज्यकर्त्यांना हाकलणारा). हत्शेप्सुत, अखेनातेन, तुतनखामुन हे सगळे यातले. त्याचा शेवटचा राजा होरेमहेब, मूळचा सेनापती, राजघराण्यातला नव्हे. त्याने आपला वजीर गादीवर बसवला, तोही सैनिकाचा मुलगा. हा पहिला रामसेस, एकोणिसाव्या वंशाचा मूळ पुरुष. त्याचा नातू दुसरा रामसेस, ६६ वर्षं राज्य. विसाव्या वंशात सेतनख्तनंतर सगळेच रामसेस, तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत. अकरावा गेला इ.स.पू. १०७० च्या आसपास, तिथे नवसाम्राज्य, म्हणजे या तीन वंशांचा काळ, संपलं.

यादीतून नावं गाळायची कलाही तिथली जुनीच. अबायडोसला पहिल्या सेतीच्या मंदिरात ७६ राजांची नावं कोरली आहेत, त्यात हत्शेप्सुत नाही, अखेनातेन नाही, तुतनखामुनही नाही.

बाळकोबा

लेख छान, पण एक शंका. शाळेत शिकलोय की पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले. इथे तर कामगार शिधा मागतायत, ठिय्या देतायत. नक्की खरं काय?

नकाशेवाला

बाळकोबा, दोन वेगळ्या काळांची गल्लत होतेय. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफूचा, चौथा वंश, इ.स.पू. २५६० च्या आसपास. देर अल-मदिनाचा संप त्यानंतर चौदाशे वर्षांनी. आपण आणि तो संप यांच्यातलं अंतर मोठं, पण तो संप आणि पिरॅमिड यांच्यातलंही काही कमी नाही.

पिरॅमिडच्या मजुरांबद्दल दोन ठोस गोष्टी. १९९० मध्ये गिझाला एका घोड्याचा पाय अडखळला आणि खाली कामगारांची दफनभूमी निघाली. पिरॅमिडच्या सावलीत मान देऊन पुरलेली माणसं, काहींची हाडं मोडून नीट जुळलेली, म्हणजे उपचार झालेले. दुसरी, २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला सापडलेली मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी. खुफूच्या काळातली, आजवर मिळालेले सगळ्यात जुने लिहिलेले पपायरस. तुराच्या खाणीतून चुनखडीचे चिरे होडीत भरून गिझाला नेतोय, आज इथे मुक्काम, उद्या तिथे, असं चाललंय. सक्तीची पाळी असणारच, कारण राज्य असं वेठीने माणसं बोलावत असे. पण बाजारात विकत घेतलेल्या गुलामांची फौज, हे चित्र पुराव्याला धरून नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एक लाख माणसं म्हणून ठेवलं, ते दोन हजार वर्षांनंतर, ऐकीव.

सांजवात

बायकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. याच गावातली नाउनख्ते. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे संपानंतर दहा-बारा वर्षांनी, ती गावच्या न्यायमंडळासमोर उभी राहून मृत्युपत्र करते. पहिला नवरा लेखनिक केनहेरखेपशेफ, वयाने खूप मोठा, पुस्तकं जमवणारा आणि अक्षर भयंकर गिचमिड असलेला. त्याच्याकडून मिळालेली मालमत्ता तिची. दुसऱ्या नवऱ्यापासून आठ मुलं.

बाई म्हणते, मी फॅरोच्या राज्यातली मोकळी स्त्री आहे. या आठांना मी वाढवलं, त्यांचे संसार थाटून दिले. आता म्हातारी झाले तर ते माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर हात ठेवला त्याला माझं देईन, ज्याने दिलं नाही त्याला देणार नाही. आणि चार मुलांना सरळ वगळते! एका मुलाला जास्तीचं काशाचं घंगाळ, नाव घेऊन. वडिलांच्या वाट्यातलं मात्र सगळ्यांना मिळेल, ते तिच्या हातात नाही, हेही ती स्पष्ट सांगते.

स्वतःच्या नावावर संपत्ती, दुसरं लग्न, कोर्टात स्वतःच्या तोंडाने निवेदन, आणि मुलगे-मुली एकाच तराजूत. यात राणी-महाराणी कोणी नाही, एका कारागिराची बायको आहे. हत्शेप्सुत राणीने राजासारखी दाढी लावली यापेक्षा मला या घंगाळाचं अप्रूप जास्त आहे. कागद ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

टिकलीशेठ

सांजवात, दंडवत. ते घंगाळ मिळालेल्या मुलाचं इतरांशी पुढे जमलं का, हा खरा धाग्याचा विषय.

कोकणचो झील

न्यायमंडळाचा उल्लेख आला म्हणून विचारतो. भांडण मिटलं नाही तर राजाकडे जायचे की देवाकडे?

मोडीवाचक

देवाकडे, आणि ते तुम्हाला अगदी ओळखीचं वाटेल. या गावचा देव म्हणजे पहिला आमेनहोतेप, मेल्यावर देव झालेला राजा, आणि त्याची आई अहमोस-नेफरतारी. सणाला त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन पुजारी निघायचे. पुजारी म्हणजे गावचेच कारागीर, सुट्टीच्या दिवशी. मग लोक प्रश्न विचारत: हे घर माझं का? माझे कपडे कोणी चोरले? संशयितांची नावं वाचायची, आणि एखाद्या नावाला देव पुढे सरकला की 'हो', मागे सरकला की 'नाही'.

कोकणचो झील

म्हणजे पालखी आणि कौल! आमच्याकडे शिमग्याला पालखी खांद्यावर घेतलेली माणसं सांगतात, आम्ही हलवत नाही, देव ओढतो. तिथे पण खांदे देणारे गावातलेच, म्हणजे कोण चोर ते त्यांना आधीच ठाऊक असणार. देवाच्या नावाने गावाने घेतलेला निर्णय, दुसरं काय.

मोडीवाचक

अगदी. आणि हरलेला माणूस दुसऱ्या देवाकडे अपील करायचा. एका चोरीच्या प्रकरणात थेब्सच्या (म्हणजे आजच्या लक्झरच्या) तीन वेगवेगळ्या आमुन देवांकडे एकच आरोपी फिरलेला आहे, तिन्ही देवांनी त्यालाच दोषी ठरवलं.

डॉ. काढा

सुट्ट्यांचा विषय निघालाय तर हजेरीपट सांगतो. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे, दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षातली. चाळीस माणसांची नावं, आणि प्रत्येकाच्या कोणत्या तारखेला खाडा, त्याच्या वर लाल शाईत कारण. आजारी. डोळे दुखतात. विंचू चावला. आईचं प्रेत लपेटतोय. बिअर गाळतोय. बायकोला किंवा मुलीला पाळी आलीय. मुकादमाच्या खासगी कामावर.

माझ्या कामाची ओळ पाहेरीपेजेत नावाच्या कामगाराची. तो बरेच दिवस गैरहजर, कारण लेखनिकाच्या बायकोसाठी औषध तयार करतोय. म्हणजे गावचा वैद्य हा हजेरीवर दगडकामगारच. डोळ्यांच्या तक्रारी इतक्या का? बंद खोदकामात चुनखडीची धूळ आणि तेलाच्या वातींचा उजेड. धूर कमी व्हावा म्हणून वातींच्या चरबीत मीठ घालत असावेत असा तर्क आहे. वाती मोजून दिल्या जात, आणि त्यांच्याच हिशेबावरून चेर्नींनी कामाचे तास काढले: सकाळी चार, दुपारी चार.

बाळकोबा

दिवसाला आठ तास, आणि आठवड्याला?

डॉ. काढा

त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस काम, दोन सुट्टी, वर सणवार. कामाच्या दिवसांत गावी न येता डोंगरावरच्या खिंडीतल्या झोपड्यांत मुक्काम. त्या झोपड्यांचे दगडी पाये अजून आहेत.

बाळकोबा

आणखी एक. बापाचा धंदा पोराने करायचा, म्हणजे जातिव्यवस्थाच नाही का? वेगळं गाव, वेगळी वस्ती, सगळं जुळतंय.

मोडीवाचक

वरवर जुळतं, आत गेलं की सुटतं. टोळीत जागा मर्यादित, साधारण चाळीस ते साठ, 'उजवी बाजू' आणि 'डावी बाजू' अशा दोन गटांत, जहाजावरच्या खलाशांसारख्या. जागा कमी आणि मुलं जास्त, म्हणून बाप मुलाला चिकटवायला धडपडायचा. एका खापरीवर तर मुलाला घ्यावं म्हणून मुकादमांना आणि लेखनिकाला काय काय दिलं त्याची यादी आहे, खुर्च्या आणि लाकडी सामानासकट. ज्या मुलाला जागा नाही तो गावाबाहेर पडायचा. जन्माने शुद्ध-अशुद्ध, शिवाशिव, लग्नाचं बंधन, असलं काही दिसत नाही. वर होरेमहेबचं उदाहरण दिलंच आहे, सामान्य घरातला सेनापती राजा झाला. वशिला होता, वारसा होता, जात नव्हती.

टिकलीशेठ

वशिल्याचा विषय आणि अजून कोणी पानेबचं नाव घेतलं नाही? मग मीच.

पानेब म्हणजे गावचा गुंड-मुकादम, एकोणिसाव्या वंशाच्या शेवटाकडचा. आधीचा मुकादम नेफरहोतेप याने त्याला मुलासारखं वाढवलं. त्याच्यावरचं आरोपपत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात काय नाही ते विचारा: वजिराला पाच नोकर लाच देऊन मुकादमकी मिळवली. दुसऱ्या सेतीच्या थडग्यातला माल पळवला. टोळीतल्या माणसांना आपल्या बैलाला चारा घालायला लावलं. परक्यांच्या बायका, त्यांची नावंसुद्धा दिलीत. ज्याने वाढवलं त्यालाच ठार मारायची धमकी. एका राजकन्येच्या दफनातलं बदकही लंपास!

सांजवात

टिकलीशेठ, तक्रार कोणाची तेही सांगा की. अमेननख्त नावाचा माणूस, नेफरहोतेपचा भाऊ (संपाचा लेखनिक तो वेगळा). मुकादमकी आपल्याला मिळायला हवी होती हे तो स्वतःच अर्जात म्हणतो. म्हणजे जागा गेली म्हणून चिडलेल्या माणसाने लिहिलेली यादी आहे ती. पानेब साधू नव्हता हे उघड आहे, कारण काही आरोपांना दुसरीकडे दुजोरा मिळतो. पण अर्धा भाग भाऊबंदकीचा धरायला हवा.

टिकलीशेठ

बदकाचा भाग मात्र मी सोडणार नाही.

प्रश्नचिन्ह

संपाचं पुढे काय झालं? शिधा मिळाला का?

मोडीवाचक

हप्त्याहप्त्याने. काही दिवस मिळाला की थांबायचे, थकला की पुन्हा भिंती ओलांडायच्या. उन्हाळी हंगामाच्या पहिल्या महिन्यात पुन्हा बाहेर पडले तेव्हा थेब्सचा नगरप्रमुख जाताना दिसला, त्याला हाका मारल्या. त्याने ५० खार एमर देऊ केला, फॅरोकडून शिधा येईपर्यंत चालवून घ्या म्हणून. तर आमुनच्या मुख्य पुरोहिताने त्याच्यावरच ठपका ठेवला: हे धान्य दुसऱ्या रामसेसच्या मंदिराच्या नैवेद्यातलं आहे, हा मोठा गुन्हा आहे. माझं वरचं म्हणणं यावरच उभं आहे. कोठारात धान्य होतं. ते उघडायचा हक्क कोणाचा, यावर अधिकारी भांडत होते.

आणखी एक बाब लोक वाचताना ओलांडून जातात. एका टप्प्यावर कारागीर स्पष्ट म्हणतात, आम्ही केवळ भुकेपायी बाहेर पडलेलो नाही, आम्हाला गंभीर तक्रार करायची आहे, फॅरोच्या या जागेत वाईट कृत्यं होतायत. म्हणजे भ्रष्टाचार. हे राजाविरुद्ध नाहीत, राजाच्या नावाने त्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध उभे आहेत.

नकाशेवाला

थोडा असहमत. राजाला निर्दोष ठेवून अधिकाऱ्यांना धरणं ही जगभरच्या रयतेची सोयीची भाषा असते, तिच्यावरून मनातलं कळत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांत याच तिसऱ्या रामसेसचा जनानखान्यातल्या कटात खून झाला. राणी तिये आणि तिचा मुलगा पेन्तावेरे त्यात होते, खटल्याचे कागद तुरीनलाच आहेत. २०१२ मध्ये ममीचं स्कॅन झालं तेव्हा गळा हाडापर्यंत चिरलेला दिसला. राजावरचा विश्वास इतका अभंग असता तर वाड्यातले इतके नोकर-चाकर, अधिकारी कटात सामील झाले नसते.

मोडीवाचक

वाड्यातलं राजकारण आणि गावातली भाषा एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं. पण तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे, तो खोडून काढण्यासारखा पुरावा माझ्याकडे नाही. नवा राजा चौथा रामसेस आला आणि त्याने टोळी दुप्पट, १२० माणसांची केली. जिथे साठांचा शिधा निघत नव्हता तिथे १२०! ती पुढे पुन्हा कमी करावी लागली.

प्रश्नचिन्ह

थडगी बांधणाऱ्यांनीच ती फोडली असं वाचलंय. खरं का?

मोडीवाचक

काहींनी, हो. नवव्या रामसेसच्या १६ व्या वर्षी, इ.स.पू. १११० च्या सुमारास, मोठी चौकशी झाली. आमेनपानेफर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. साथीदारांसह सतराव्या वंशातल्या सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात भुयार पाडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या जाळल्या. १६० देबेन सोनं, आठ जणांत वीस-वीस. म्हणजे एकूण साडेचौदा किलोच्या आसपास. पुढचा भाग ऐका: तो पकडला गेला, त्याने आपला वाटा एका लेखनिकाला दिला, सुटला, आणि साथीदारांनी त्याचं नुकसान भरून दिलं. सचोटीचा धंदा!

यात थेब्सच्या पूर्वेचा नगरप्रमुख पासेर आणि पश्चिमेचा पावेरा यांची एकमेकांवर चिखलफेकही आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा ऐवज.

खवय्या नं. १

पुढल्या हिवाळ्यात लक्झरला जायचा बेत आहे. काय चुकवू नये?

नकाशेवाला

सेन्नेजेमचं थडगं. साध्या कारागिराचं, १८८६ मध्ये जसंच्या तसं सापडलं. छोटीशी कमानदार खोली, भिंतीवर तो आणि त्याची बायको इनेफरती परलोकातल्या शेतात नांगर हाकतायत, पिकं कापतायत, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. खाली कालव्याकाठी खजुराची झाडं. रंग काल दिल्यासारखे. सरकारी कामातून उरलेल्या वेळात त्यांनी एकमेकांसाठी केलेलं काम आहे ते. आणि वाटेत इटलीत थांबणं जमलं तर तुरीनला 'खा' या अधिकाऱ्याचं सगळं घरसामान बघा, १९०६ मध्ये न फोडलेल्या थडग्यातून निघालेलं. पाव, खाट, बायकोचा केसांचा टोप, खाच्या नावाची खूण असलेली अंतर्वस्त्रं.

सांजवात

मोडीवाचक, गाव ओस का पडलं ते राहिलंच.

मोडीवाचक

अकराव्या रामसेसच्या काळात पश्चिमेकडून लिबियन टोळ्यांचा त्रास वाढला, थेब्समध्ये यादवी माजली. कारागीर उठून तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबूच्या तटबंद मंदिरात राहायला गेले. नव्या थडग्याचं काम उरलं नव्हतं. त्या वेळचे लेखनिक धुतमोसे आणि त्याचा मुलगा बुतेहामुन यांची पत्रं सापडली आहेत. सेनापती पियांख दक्षिणेकडच्या नुबियातल्या लढाईवरून लिहितो: पूर्वजांच्या थडग्यांपैकी एखादं उघडा आणि मी येईपर्यंत त्याचं सील राखा. सरकारी आदेश!

पुढे राजांच्या ममी काढून, नव्याने गुंडाळून, एकत्र लपवल्या गेल्या. १८८१ मध्ये देर अल-बहरीजवळच्या कड्यातल्या त्या लपणीतून दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा रामसेस सगळे एकदम बाहेर आले. तिसऱ्या रामसेसच्या कापडावरच्या शाईच्या नोंदीत हे काम बुतेहामुनकडे सोपवल्याचं लिहिलंय. हा बुतेहामुन संपाची रोजनिशी लिहिणाऱ्या अमेननख्तचा खापरपणतू.

टिकलीशेठ

म्हणजे थडगेचोर आणि सरकार यांच्यात फरक फक्त सीलचा?

मोडीवाचक

आणि नोंदवहीचा. चोर कपडा फाडतात, हे लोक कोणाची ममी, कोणत्या वर्षी गुंडाळली ते लिहून ठेवतात. ममींच्या अंगावर सोनं मात्र दोघांनीही ठेवलं नाही.

प्रश्नचिन्ह

मग ते सरकारी सोनं गेलं कुठे?

मोडीवाचक

बरंचसं लढाया आणि खजिन्यात वितळलं असणार. काही वस्तू मात्र उत्तरेत, तानिसला पोचल्या. एकविसाव्या वंशाचा राजा पहिला सुसेनेस याची चांदीची शवपेटी तिथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते यांना मिळाली, १९४० च्या सुरुवातीला. ती ज्या लाल ग्रॅनाइटच्या पेटीत होती तिच्यावर मूळ नाव मेरेनप्ताहचं, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या मुलाचं. राजांच्या खोऱ्यातून उचलून, नाव खोडून, शेकडो किलोमीटर नदीने खाली नेलेली. खोडताना एक जागा राहून गेली, त्यावरून ओळख पटली.